राखेचा वास

आई आमच्याकडे येऊन चारच दिवस झाले होते. जेट लॅगमुळे ती पहाटे चारलाच उठून बसायची, आणि त्या दिवशी मी पाचच्या सुमाराला पाणी प्यायला उठले तर ती हॉलमध्ये अंधारात शाल गुंडाळून उभी. लाइट पण लावला नव्हता. लाकडाच्या कांड्यांवर चालणारा पेलेट स्टोव्ह नुकताच आपोआप सुरू झालेला, काचेमागे अजून ज्योत धरली नव्हती, नुसतं लालसर काहीतरी धुमसत होतं. मला बघून म्हणाली, "काय गं, हितं राख सांडलीय का कुटं? वास येतोय." मी अर्धवट झोपेत म्हटलं, आई, हा बंद स्टोव्ह आहे, दार पॅक असतं, धूर सगळा पाइपातून बाहेर जातो, घरात काही येत नाही. ती "बरं" म्हणाली. पण नाक जरा वर करून तशीच उभी राहिली, आणि मी जाऊन परत झोपले.

ते "बरं" मला अजून टोचतं.

आम्ही राहतो ते कीन, अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशायर राज्याच्या नैऋत्य कोपऱ्यातलं छोटं शहर. चारी बाजूंनी डोंगर आणि मधे बशीसारखी सपाट जागा, मधून ॲशुएलॉट नदी जाते. घर जुनं, लाकडी, खिडक्यांच्या फटींतून वारा शिटी मारतो. तळघरात तेलावर चालणारी भट्टी आहे पण तेलाचं बिल बघून पहिल्याच हिवाळ्यात आमचे डोळे पांढरे झाले, म्हणून मग आधीच्या मालकानं हॉलमध्ये बसवलेला पेलेट स्टोव्ह आम्ही मनावर घेतला. पेलेट म्हणजे लाकडाच्या भुशाच्या दाबून केलेल्या कांड्या, पेन्सिलीपेक्षा किंचित बारीक, बोटाच्या पेराएवढ्या लांब. त्यात डिंक-बिंक काही नसतं, दाबाखाली भुसा तापतो आणि लाकडातलंच लिग्निन नावाचं द्रव्य मऊ होऊन त्याला धरून ठेवतं. चाळीस पौंडांची म्हणजे १८ किलोची एक पिशवी, अशा ५० पिशव्या म्हणजे इथला एक टन, ऑक्टोबरात ट्रक येऊन दोन टन दारात टाकून जातो आणि मग मी आणि नवरा शनिवारभर त्या पिशव्या तळघरात उतरवतो. कडाक्याच्या थंडीत रोज एक पिशवी लागते. स्टोव्हच्या डोक्यावरच्या पेटीत ती ओतायची, आतला स्क्रू हळूहळू फिरतो आणि कांड्या खालच्या छोट्याशा भांड्यात पडतात, टप, टप-टप, टप. तो आवाज मला फार आवडतो. रात्री सगळे झोपल्यावर हॉलमध्ये एकटं बसून ऐकावा असा आवाज आहे तो, पागोळ्यांसारखा, आणि काचेमागे पिवळीजर्द ज्योत नाचत असते. खरं सांगायचं तर मी त्या स्टोव्हच्या प्रेमात होते. घरात विस्तव आहे आणि धूर नाही, हे मला कायम काहीतरी मिळवल्यासारखं वाटायचं.

कारण आमच्या घरात विस्तव म्हणजे धूरच होता. तासगावजवळच्या गावी आजीचं स्वयंपाकघर होतं, त्याला एक हातभर खिडकी, आणि वर कौलात एक काचेचं कौल बसवलेलं, त्यातून उन्हाचा तिरका पट्टा यायचा आणि त्या पट्ट्यात धूर असा निळा-निळा वर चढताना दिसायचा. लहानपणी मला तो बघत बसायला आवडायचं. चुलीत बाभळीची लाकडं, तुराट्या, शेणकुटं, आणि छाटणी झाली की द्राक्षाच्या काड्या, त्या वाळल्या की कडाकडा पेटायच्या पण ओल्या असल्या की डोळ्यांतून पाण्याच्या धारा लागायच्या. आजी फुंकणी घेऊन वाकायची, फुंकायची, खोकायची, परत फुंकायची. आढ्याची लाकडं काळीभोर, चकचकीत, हात लावला की बोटाला डांबरासारखं काहीतरी लागायचं. आजीचा खोकला आमच्या घरातल्या आवाजांपैकीच एक होता, म्हशीच्या साखळीचा, जात्याचा, तसाच. कुणी त्याकडे लक्ष दिलं नाही. शेवटी शेवटी तिला चार पावलं चालली तरी धाप लागायची, तेव्हा मिरजेला दाखवलं, तिथल्या डॉक्टरांनी विचारलं बिडी ओढतात का, आणि आजोबा रागावले, आमच्या घरातल्या बायका बिडी ओढत नाहीत म्हणाले. डॉक्टरांनी मग विचारलं, स्वयंपाक कशावर. आई तिथे होती. तो प्रश्न आईनं मला कितीदा तरी सांगितलाय, प्रत्येक वेळी जसाच्या तसा.

तर अशा बाईला मी सांगत होते, वास येत नाही म्हणून.

दोन-तीन दिवसांनी ती परत म्हणाली. या वेळी जेवणानंतर, आणि मी जे उत्तर दिलं ते लिहिताना पण मला बरं वाटत नाहीये. मी म्हटलं आई, तुझ्या फोडणीचा असेल. तिनं त्या दिवशी लसणाची सणसणीत फोडणी दिली होती, मिरची टाकल्यावर सगळं घर ठसकलं होतं, आणि आमच्या शेगडीवरचा पंखा म्हणजे नुसता नावाला, हवा खालून ओढतो, एका जाळीतून नेतो आणि वरून परत स्वयंपाकघरातच सोडतो. इथे खूप घरांमध्ये असाच असतो. म्हणजे मी म्हणत होते त्यात तथ्य नव्हतं असं नाही, पण ते मी तिचं तोंड बंद करायला म्हटलं होतं. आई काही बोलली नाही. दुसऱ्या दिवसापासून ती फोडणी देताना मागचं दार उघडायला लागली, बाहेर उणे दहा, अंगावर माझं जॅकेट, आणि एका हातानं दार धरून दुसऱ्या हातानं कढई हलवतेय. मुलगा म्हणाला, आजी काय करतेय? तेव्हा मला लाज वाटली.

त्याच आठवड्यात मी हवेतले बारीक कण मोजणारा छोटा सेन्सर मागवला, मुठीत मावेल एवढा, आत लेझर असतो आणि उजेड किती विखुरतो त्यावरून तो पीएम २.५ चा आकडा काढतो. पीएम २.५ म्हणजे अडीच मायक्रॉनपेक्षा लहान कण, आपला केस साधारण सत्तर मायक्रॉनचा, त्यावरून अंदाज यावा. नाकातले केस, घशातला कफ वगैरे सगळे पहारे चुकवून ते फुप्फुसाच्या तळाशी जाऊन बसतात. असले स्वस्त सेन्सर काही अगदी तंतोतंत नसतात, धुराला जास्तच दाखवतात बऱ्याचदा, पण आकडा वर गेला की खाली आला एवढं कळायला पुरतात. मी काय सिद्ध करायला मागवला होता ते मला माहितीये. फोडणीनं आकडा उडेल आणि स्टोव्हला काही होणार नाही, एवढंच मला बघायचं होतं.

आणि पहिल्या दिवशी झालंही तसंच. एरवी ४-५, मोहरी तडतडल्यावर ३१०. जागतिक आरोग्य संघटनेची २०२१ ची शिफारस दिवसभराच्या सरासरीला घनमीटर हवेत १५ मायक्रोग्रॅमची आहे, आपल्याकडची मर्यादा ६०, आणि इथे माझ्या स्वयंपाकघरात ३१०. मी आईला दाखवलं. तिनं चष्मा लावून आकडा वाचला आणि विचारलं, "आणि पहाटं किती असतो?"

पहाटेचा बघायचं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. सेन्सर स्वयंपाकघरातून उचलून हॉलमध्ये ठेवला, स्टोव्हपासून पाच-सहा फुटांवर, आणि गजर लावून पावणेपाचला उठले. आई आधीच सोफ्यावर. आम्ही दोघी अंधारात त्या हिरव्या आकड्याकडे बघत बसलो, ६, ५, ६. पाच वाजता थर्मोस्टॅटचा खटका पडला, पंखा घुमायला लागला, पहिल्या कांड्या पडल्या. पेटवणारी कांब तापायला आणि ज्योत धरायला चार-पाच मिनिटं लागतात, तोवर कांड्या नुसत्या धुमसतात, आणि सगळ्यात जास्त धूर तेव्हाच होतो. ९. १४. ३०. ज्योत भपकन उठली तोवर ७२ झाले होते. घरात कुणी चहासुद्धा टाकला नव्हता. आई काही म्हणाली नाही, उठली, स्टोव्हच्या मागे भिंतीशी गेली, खाली वाकली आणि वास घेत घेत, अगदी मांजरासारखी, पाइपाच्या खालच्या टोकाशी थांबली. म्हणाली, "हितनं येतोय."

टॉर्च लावला. स्टोव्हमधून निघालेला पाइप भिंतीतून बाहेर जायच्या आधी एका टी-जोडाला मिळतो, त्या टी च्या खालच्या बाजूला एक टोपण असतं, साठलेली राख काढायला. ते टोपण एका बाजूनं किंचित खाली आलेलं होतं, नखाएवढी फट, आणि त्याच्या मागे भिंतीवर राखाडी रंगाची एक पुसट रेघ वर चढली होती, पिसासारखी. ते टोपण ऑक्टोबरात मीच काढलं होतं. मीच साफ केलं होतं आणि मीच परत बसवलं होतं. ते फिरवून घट्ट करायचं असतं, मी नुसतं दाबून सोडलं. जवळजवळ सहा आठवडे.

नंतर मी याचं सगळं वाचून काढलं, अपराधी वाटलं की मी वाचत सुटते. या स्टोव्हची गंमत अशी की त्यातला एक पंखा आगीच्या पेटीतून धूर ओढतो आणि पाइपातून बाहेर ढकलतो. म्हणजे पंख्याच्या अलीकडे सगळी ओढ आणि पलीकडे सगळा रेटा. स्टोव्हच्या दाराच्या कडेची, फट बंद ठेवणारी दोरी झिजली, काचेला फट पडली तर खोलीतली हवा आत ओढली जाते, ज्योत मलूल होते, काच काळी पडते, पण धूर सहसा बाहेर येत नाही. पाइपाला फट असली की मात्र तो रेटा धूर सरळ घरात घालतो, आणि काच स्वच्छ, ज्योत सुंदर, कळणार कसं? आजीच्या चुलीचा धूर डोळ्यांत जायचा, रडवायचा, निदान सांगून तरी यायचा. याला रंग नाही, डोळे चुरचुरत नाहीत, वासही इतका बारीक की रोज त्यातच राहणाऱ्या आमच्या नाकांनी तो केव्हाच हिशोबातून काढून टाकला होता. बाहेरून आलेलं नाक हवं होतं त्याला. आणि भिंतीवरचा कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म? तो एकदाही वाजला नाही, आणि तो नीट चालू होता. इथल्या नियमाप्रमाणे हे अलार्म ७० पीपीएम, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत ७० भाग, गॅस तासभर तरी राहिला तर वाजतात, ४०० ला काही मिनिटांत. माणूस मरू नये म्हणून ते असतात. बारीक कण त्यांना कळतच नाहीत. त्याचा हिरवा दिवा रोज बघून मी हवा चांगली आहे असं समजत होते.

त्या सहा आठवड्यांत मुलाला दोनदा खोकला झाला होता. डॉक्टर म्हणाल्या व्हायरल आहे, शाळेत सगळ्यांनाच आहे, आणि तसं असेलही, त्या टोपणामुळेच झाला असं मी म्हणणार नाही. पण रात्री त्याच्या खोलीच्या दाराशी उभी राहून मी तो खोकला मोजायचे तेव्हा हॉलमधून टप-टप आवाज येत असायचा आणि मला तो किती छान वाटायचा, हे मात्र विसरता येत नाही.

टोपण घट्ट केलं, जोडांना उष्णतेत टिकणारं सिलिकॉन लावलं, मग एक कारागीरही बोलावला. त्यानं स्टोव्हच्या दारात डॉलरची नोट धरून दार लावलं आणि नोट ओढून बघितली, सहज निघाली तर दोरी झिजली समजायची. आईला ते फार पटलं. तो गेल्यावर तिनं तिच्या पाकिटातली दहाची नोट काढून चारी बाजूंनी स्वतः ओढून बघितली. पहाटेचा आकडा मग ८-९ च्या वर जाईना. मला वाटलं संपलं.

पण सेन्सर घरात आला की तो गप्प बसत नाही. रविवारी सकाळी मी स्टोव्ह थंड करून राख काढायचे, जळण्याच्या भांड्यातले खडे खरवडायचे आणि राहिलेली बारीक राख घरच्याच व्हॅक्यूमनं ओढून घ्यायचे. चांगल्या प्रतीच्या पेलेटची राख अगदी कमी असते, शंभर किलोला एखादा किलो किंवा त्याहून कमी, पण असते पिठाहून मऊ. त्या रविवारी आकडा बघितला तर ४५०. साध्या व्हॅक्यूमच्या पिशवीतून ती राख आरपार जाते आणि मागच्या बाजूनं हवेत फवारली जाते, दिसत नाही, आणि मी त्याच्याच बाजूला गुडघ्यावर बसलेली. किती रविवार? तीन हिवाळ्यांचे. पेटीत पिशवी ओतताना पण तळाचा भुसा असा भस्सकन वर येतो, तेव्हाही ६०-७०. स्टोव्ह नीट चालू असताना आकडा ५, घर ऊबदार, सगळे मजेत. धूळ खायचा क्षण फक्त ओतणाऱ्याचा आणि राख काढणाऱ्याचा. आई हे बघत होती आणि सहज म्हणाली, चुलीचं पण तसंच की, जेवणारे वसरीवर असायचे.

मी बराच वेळ तशीच बसून राहिले, हातात तो ब्रश घेऊन.

आता राखेसाठी वेगळा, बारीक फिल्टरचा व्हॅक्यूम आणलाय, मास्क लावते, खिडकी उघडते, मुलगा वर असतो. राख झाकणाच्या पत्र्याच्या बादलीत घालून बाहेर काँक्रीटवर ठेवायची, कारण तिच्यात निखारा दोन-दोन दिवस जिवंत राहतो. आईनं ती राख भांड्यांना मागितली. इथे भांड्यांना कशाला राख, मी म्हटलं, तर तिनं एक तांब्या घासून दाखवला, आणि खरंच तो असा लखलखला की मुलानं त्याच्यात तोंड बघितलं.

डिसेंबरच्या शेवटी एक गोष्ट अशी झाली की जिचा दोष कुणाला द्यावा तेच कळेना. वारा पडलेली, चांदणं पडलेली रात्र, उणे अठरा. अशा रात्री थंड हवा डोंगरांवरून घसरत येऊन आमच्या बशीत साठते आणि वर गरम हवेचं झाकण बसतं, मग गावातल्या सगळ्या लाकडाच्या शेगड्यांचा धूर वर जायच्या ऐवजी घरांच्या छपरांवर आडवा पसरतो. कीन त्यासाठी ओळखलं जातं, राज्याच्या पर्यावरण खात्याकडून हवा बिघडल्याचा इशारा येतो तेव्हा त्यात कीनचं नाव असतंच. त्या रात्री आमच्या हॉलमध्ये ४०. टोपण तपासलं, जोड तपासले, सगळं ठीक. बाहेर जाऊन वास घेतला तर ओक लाकडाच्या धुराचा, गोडसर, जड. शेजारच्या आजोबांची जुनी शेगडी. पण घरात इतका कसा? तर आमचा स्टोव्ह जळायला लागणारी हवा खोलीतूनच घेत होता, बाहेरून हवा आणणारा पाइप त्याला जोडलेलाच नव्हता. खोलीतली हवा तो घेऊन बाहेर टाकणार, मग तिची जागा भरायला खिडक्यांच्या फटींतून बाहेरची हवा आत येणार, आणि बाहेर त्या रात्री धूरच होता. म्हणजे माझाच स्टोव्ह शेजाऱ्यांचा धूर ओढून माझ्या घरात आणत होता. आणि माझा धूर? स्टोव्हच्या मागच्या पट्टीवर ताशी १.४ ग्रॅम लिहिलंय, २०२० पासून इथे नव्या स्टोव्हला २ ग्रॅमची मर्यादा आहे, जुन्या लाकडाच्या शेगड्या १५ ते ३० ग्रॅम सोडतात. कमीच आहे माझा. पण शून्य नाही, आणि "पाइपातून बाहेर जातो" असं मी जे आईला ठसक्यात सांगितलं होतं, ते बाहेर म्हणजे कुठे हा विचार मी कधी केला नव्हता. बाहेर म्हणजे त्या आजोबांची खिडकी.

ते ऐंशीच्या पुढचे, एकटे राहतात. मी त्यांच्याशी शेगडीबद्दल बोलायचं ठरवलं होतं, वाक्यं पण जुळवून ठेवली होती, सांगायचं तर बदलून घ्या वगैरे. तेवढ्यात फेब्रुवारीत बर्फाचं वादळ आलं आणि रात्री आठला वीज गेली. पेलेट स्टोव्हचं सगळं विजेवर, पंखा थांबला, भांड्यातल्या कांड्या धुमसत राहिल्या आणि धुराला ढकलणारं कुणी नाही, दहा मिनिटांत घरात धुराची साय पसरली. या वेळी डोळ्यांना दिसेल एवढी. खिडक्या उघडल्या आणि होती नव्हती ती ऊब पण गेली. नऊ वाजता दारावर थाप. आजोबा टॉर्च घेऊन. म्हणाले, चला सगळे माझ्याकडे. त्यांनी सांगितलं की डिसेंबर २००८ च्या बर्फाच्या वादळात इथे लोक कितीतरी दिवस विजेशिवाय होते, तेव्हापासून ते ही शेगडी हलवू देत नाहीत. आई त्यांच्या शेगडीपुढे मांडी घालून बसली, एक ओंडका जरा तिरका करून ठेवला, आणि आग अशी काही लागली की आजोबा बघतच राहिले. दोघांना एकमेकांची भाषा येत नाही. ओंडका कसा ठेवायचा यावर मात्र अर्धा तास हातवारे करून बोलणं चाललं. खोलीत धुराचा वास होताच, मुलगा माझ्या मांडीवर झोपला होता, आणि मला कळत होतं की सेन्सर इथे ठेवला तर आकडा बघवणार नाही, आणि त्याच वेळी इतकं सुरक्षित मला किती दिवसांत वाटलं नव्हतं. जुळवून ठेवलेली वाक्यं मी अजून बोललेले नाही.

पिशव्या आता तळघरात ठेवत नाही. ताज्या पेलेटचा तो रंधा मारलेल्या लाकडासारखा वास मला आवडायचा, पण लाकडातली स्निग्ध द्रव्यं हवेशी मिळून हळूहळू बदलत असतात, त्यातून तो वास येतो आणि त्याच्याबरोबर कार्बन मोनॉक्साइडही सुटतो, जळल्याशिवाय, नुसतं पडल्या पडल्या. २००६ मध्ये स्वीडनच्या हेल्सिंगबोर्ग बंदरात पेलेट भरलेल्या जहाजाच्या जिन्यात उतरलेला खलाशी यानं गेला. न्यूयॉर्क राज्यातल्या क्लार्कसन विद्यापीठाच्या लोकांनी घरांतल्या मोठ्या साठवण टाक्यांमध्ये हा गॅस मोजलाय. आमच्या पिशव्यांचा धोका त्या मानानं किरकोळ, सुट्या पेलेटच्या मोठ्या साठ्याची आणि बंद टाक्यांची गोष्ट वेगळी, पण बंद तळघरात दोन टन कशाला, म्हणून मागच्या शेडमध्ये हलवल्या. आईनं तेव्हा एक कांडी उचलून बघितली, दातानं तोडली आणि म्हणाली, अगं ह्या तर आपल्याकडं पण आल्या होत्या. मला माहीतच नव्हतं. म्हणाली, तू कॉलेजात पुण्याला होतीस तेव्हा गावात एक पंख्याची शेगडी आली होती, बॅटरीवर पंखा फिरायचा, आणि उसाच्या चोथ्याच्या, शेंगांच्या टरफलांच्या दाबून केलेल्या कांड्या तिच्यात घालायच्या. धूर जवळजवळ नाहीच, भांडी काळी होत नव्हती, काकूनं पण घेतली. मग कांड्या महाग झाल्या, मग मिळेनाशा झाल्या, पंख्याची बॅटरी उतरली ती उतरलीच. शेगडी माळ्यावर गेली. "चांगली होती," आई म्हणाली, "आजी असताना यायला पायजे होती." आणि ती कांडी तिनं परत पिशवीत टाकली.

मार्चमध्ये आई गेली. जायच्या आदल्या दिवशी तिनं स्टोव्हमागे वाकून एकदा वास घेतला, काही न बोलता. या ऑक्टोबरात बाहेरून हवा आणणारा पाइप बसवून घेतला, टोपण मी तीनदा फिरवून बघितलं, मग मुलाला बोलावलं आणि म्हटलं इथे नाक लाव. काय वास येतो? तो म्हणाला लोखंडाचा.

परवा व्हिडिओ कॉल केला तर आई गावी होती, काकूकडे. गॅस आहे घरात, कधीपासूनच आहे, सिलिंडर भरलेला, पण भाकरी आणि अंघोळीचं पाणी अजून चुलीवर. फोन कुणीतरी भिंतीला टेकवून ठेवला होता. आई चुलीपुढे, भाकरी थापतेय, आणि त्या काचेच्या कौलातून तोच तिरका पट्टा, त्यात तसाच निळा धूर. मी म्हटलं, आई, दार तरी उघड. ती म्हणाली, "उघडंच हाय की." मग पदरानं डोळे पुसून म्हणाली, "हितला मला दिसतो तरी गं." आणि खोकली. दोनदा.

मी दुसरा सेन्सर मागवून ठेवलाय. नवऱ्याचा मित्र जानेवारीत सांगलीला जाणार आहे, त्याच्याबरोबर पाठवता येईल. तिथे तो किती दाखवेल मला साधारण माहितीये, आणि तो आकडा बघून काकू भाकरी गॅसवर करायला लागेल का, की नुसती मनाला लागून घेईल, तिनं सासूचा खोकला पंधरा वर्षं बघितलाय, तिला मी आकडा दाखवून काय नवीन सांगणार. खोका अजून कपाटात आहे, उघडलेला नाही.